पन्नास तास

जूनच्या शेवटच्या आठवड्यात
माझ्या टेबलावर एकतीस वह्या येतात,
हिरव्या पुठ्ठ्याच्या, कोपरे दुमडलेल्या.
पन्नास तास समाजसेवा,
त्याशिवाय शाळेची शेवटची परीक्षा नाही,
असा आमच्या हंगेरीतला नियम.
मी बेरजा करते, शिक्का मारते.
शिक्क्याची गादी सुकली की
तिच्यावर थुंकीचं बोट फिरवते;
हे मुख्याध्यापिकांना माहीत नाही.

बहुतेक वह्या एकाच हाताने लिहिल्यासारख्या.
वाचनालयात पुस्तकं लावली. खूप शिकायला मिळालं.
कुत्र्यांना फिरवून आणलं. खूप शिकायला मिळालं.
बोग्लार्काने तर पहिल्या ओळीखाली
नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहून
अख्खा मार्च उरकलाय.

मग बोतोंदची वही.

३ ऑक्टोबर. वृद्धाश्रम, खोली सात.
आजोबांनी आत घेतलं नाही.
म्हणाले, दया नको, पाव असेल तर ठेवून जा.
बाहेर बाकावर बसलो. दोन तास.

१० ऑक्टोबर. बाकावर बसलो. दोन तास.

१७ ऑक्टोबर. बाक.
आतून आवाज आला, अजून आहेस का रे?
हो म्हणालो. दोन तास.

बाकावर बसणं सेवेत धरायचं का?
मी नियमावली उघडली.
तीत बाक नव्हता.
धरले.

खोली सातमधले लोरिंत्स बाची
चाळीस वर्षं तिसा नदीवर नाव चालवायचे.
पूल झाला, नाव गेली.
पुढे डोळे गेले.
आता त्यांना एकच गोष्ट हवी असते:
पुलाच्या खांबावर रंगवलेल्या पट्टीवर
आज पाणी कितीवर आहे.

१४ नोव्हेंबर. दोनशे बारा.
२१ नोव्हेंबर. दोनशे सहा.
बाची म्हणाले, वर डोंगरात गोठायला लागलं.

अशी पानंच्या पानं. फक्त आकडे.
काय शिकलात, या रकान्यात
कधी एखाद्या गाठीचं चित्र,
बहुतेकदा काहीच नाही.

९ जानेवारी. गारठा होता, पुलावर गेलोच नाही.
दोनशे तीस, असं ठोकून दिलं.
बाची ओरडले नाहीत. म्हणाले, खिडकी उघड.
चिखलाचा वास येतोय? म्हणजे पाणी उतरलंय,
दोनशेच्या आत असणार. जा, बघून ये.
एकशे शहाण्णव.
आज खोटं बोललो. हे दोन तास धरू नयेत.

आणि स्वतःच लाल रेघ मारलेली,
पट्टी लावून, सरळ.

मी तीनदा बेरीज केली.
अठ्ठेचाळीस.

वही मिटताना मागच्या पानावर नजर गेली.
न बघता लिहिलेली अक्षरं,
एकमेकांच्या खांद्यावर चढलेली,
ओळ उतरत उतरत कागदाबाहेर गेलेली:

'या पोराला सात गाठी शिकवल्या.
पाण्याचा वास शिकवला.
गप्प बसणं त्याला आधीच येत होतं, ते मोजलं नाही.
माझे अकरा तास झाले.
शिक्का मारा.'

मी हसले. एकटीच, रिकाम्या वर्गात,
मोठ्याने.
मग हसू कुठेतरी अडकलं.
बारा वर्षं मी हा रकाना तपासतेय,
काय शिकलात, काय शिकलात.
कुणी शिकवलं, हे विचारायला
कागदावर जागाच ठेवलेली नाही.

बाचींच्या अकरा तासांवर शिक्का मारला.
गादी नीट ओली करून, ठळक.
अंधाराला काय ठळक नि काय पुसट,
तरी.

बोतोंदच्या वहीवर मारला नाही.
मारला असता तर
त्यानेच ती परत आणून दिली असती.

जुलैच्या पहिल्या गुरुवारी त्याचे दोन तास भरले.
वही कपाटात गेली, किल्ली माझ्याकडे.

दुसऱ्या गुरुवारी मी बाजारातून येत होते,
पिशवीत चेरी, खालून गळणाऱ्या.
पुलाच्या कठड्यावर एक मुलगा ओणवलेला.
खांबाकडे बघून
काहीतरी पुटपुटला, वळला,
आणि तेच ओठांत घोळवत
वृद्धाश्रमाच्या दिशेने निघाला,
भरलेली वाटी न्यावी तसा.

हाक मारणार होते.
पण आकडा सांडला असता.